नकाशातून पुसलेली भिंत

मुलांनो, आवाजावरून समुद्राच्या तळाचा नकाशा कसा काढतात, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते. आवाज पाण्यात खाली सोडायचा आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, म्हणजे खोली कळते. हे मला आमच्या वरच्या खोलीत महिनाभर राहिलेल्या साहेबांनी शिकवलं. आयुष्यभर समुद्र मोजून ते आता एका रिसॉर्टच्या बोटींसाठी मुळशी धरणाचा तळ मोजायला आले होते.

होडीत बसायलाही ते कडक इस्त्रीचा शर्ट घालत. समोरच्याला वाक्य पुरं करू देणं त्यांना कमीपणाचं वाटे.

एका दुपारी पडवीत बसून ते लॅपटॉपवर नकाशा साफ करत होते, म्हणजे आवाज माशांवर आपटून उमटलेले खोटे ठिपके काढत होते. सपाट तळात एकच टोक वर आलेलं दिसत होतं. त्यांची होडी वल्हवणारे म्हातारे मासेमार म्हणाले, "सायेब, ती बुडालेल्या गावच्या चावडीची भिंत हाय. माझी जाळी तितंच फाटत्यात. ऱ्हाऊ द्या नकाशात, न्हाईतर रिसॉर्टची बोट..."

"टेक्निकली, तो माशांचा थवा आहे, काका."

"चार दिस एकाच जागी? मासं काय पहाऱ्यावर हायेत व्हय?"

मी हसले. साहेबांनी नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून ते टोक पुसलं आणि माझ्याकडे चहा मागितला. मी निमूट करून दिला, याची मला लाज वाटते.

त्यांच्या नकाशात तिथे सपाट तळ आहे. म्हाताऱ्यांनी त्या जागी खुणेला एक पिवळा कॅन तरंगत ठेवलाय. खाली भिंत अजून उभी आहे.