बेगडाचा चंद्रहार

आमच्या माजघरात खाटेखाली फणसाच्या लाकडाचा एक पेटारा असे. तो बाबांचा. बाबा दिवसा भातशेती करायचे आणि जत्रांच्या हंगामात दशावतारात बायकांची कामं करायचे. राणीचं काम त्यांनीच करावं, असं आसपासच्या गावांत म्हणत. पुढे आवाज बसला, तेव्हा त्यांनी शालू, कमरपट्टा, बाजूबंद, चंद्रहार असा सगळा साज पेटाऱ्यात ठेवला आणि कुलूप लावलं.

दसऱ्याला पेटाऱ्यापुढे अगरबत्ती लागायची. पेटारा उघडायचे मात्र बाबा माजघराचं दार लोटून, कारण आईला ते सोंग आवडत नसे. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर बायकांनी चिडवलं होतं, "तुझो घोव तुझ्यापेक्षा बरो दिसता गो साडीत!" तेव्हापासून तिने बाबांचं नाटक एकदाही पाहिलं नाही. "घरात एक बाईल पुरे," म्हणायची.

कुलूप आणि अगरबत्ती बघून वाडीत बोलवा उठली होती की म्हाताऱ्याकडे जुनं सोनं आहे. बाबांच्या कानावर ते यायचं. ते हसायचे, पण नाही असं कधी म्हणायचे नाहीत.

त्या वर्षी मी कुडाळहून माहेरी आले होते. आम्ही तिघं कुणकेश्वरच्या जत्रेला गेलो आणि परतलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली. आई आधी तांदळाच्या पिंपाकडे धावली. तिच्या बांगड्या होत्या तिथेच होत्या. गेला होता फक्त पेटारा.

"देवान राखल्यान," आई म्हणाली.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी काजूच्या बागेत काजी गोळा करायला गेलेली शेजारीण कुंपणापलीकडून ओरडत आली, "काकानू, तुमचो पेटारो आमच्या काजीत पडलो आसा!"

आम्ही धावलो. झाकण फोडलेलं होतं, शालू पाचोळ्यात पडला होता, आणि बेगड लावलेला पुठ्ठ्याचा चंद्रहार एका फांदीला अडकून उन्हात सोन्यासारखा चमकत होता. एकूण एक वस्तू तिथेच होती. चोरांनी काहीच नेलं नव्हतं.

शेजारणीला हसू आवरेना. "मेल्यांका वाटला, खजिनोच गावलो!"

बाबा एकेक वस्तू उचलून धोतराच्या सोग्याने पुसत होते. "एकय न्हेऊक नाय," ते हळूच म्हणाले. पेटारा मिळाल्याचा आनंद त्यांना होता, पण चोरांनी आपल्या राणीचा अपमान केला, हेही त्यांना लागलं होतं. मला ते ऐकून हसावं की रडावं कळेना.

घरी अंगणातल्या खळ्यात चटई टाकून त्यांनी सगळं उन्हात मांडलं. वाडीतल्या बायका बघायला जमल्या. आई बाहेर आली तसे बाबा घाईघाईने शालू गुंडाळू लागले. तिने तो त्यांच्या हातातून घेतला. पदर फाटला होता. ती आतून सुईदोरा घेऊन आली आणि पायरीवर बसून पदर शिवू लागली. टाके घालता घालता तिने विचारलं, "तुमका ह्या कोण नेसवी?"

"कोण नेसवतला? माझो मीच."

"नेसून दाखवा तर."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. सत्तरी उलटलेला, वाकलेला माणूस आत गेला होता. बाहेर आलेली राणी ताठ होती. तिने मान किंचित कलती करून पदर सावरला आणि बसक्या आवाजात दोन ओळी गायल्या. खिदळणाऱ्या बायका हसू विसरल्या. गड्याच्या हालचालीत एवढी नजाकत मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि तो माझा बाप होता.

आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग उठली, कुंपणाजवळची अबोली तोडून आणली. "फुलाशिवाय राणी कसली?" बाबांच्या डोक्यावर केस उरले नव्हते, म्हणून तिने फुलं त्यांच्या कानावर खोवली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

पेटाऱ्याला नवं कुलूप काही आलं नाही. शाळेच्या संमेलनासाठी वाडीतल्या मुली त्यातले दागिने मागून नेतात, एखादा मणी हरवून परत आणतात, आणि बाबा डिंकाने दुसरा चिकटवतात.

आता गावच्या जत्रेला आई सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे जागा धरते. दशावतारातली राणी मांडावर आली की बाबांच्या कानाशी लागते, "ह्येका पदर सांभाळूक येणा नाय."

"हळू बोल गो," बाबा म्हणतात, "तो आयकतलो."