बर्फवालीचा शोध

माझ्या मावशीला खून फार आवडतात. साधेसुधे नाहीत, बर्फातले. स्वीडन, नॉर्वे, आइसलंड असल्या देशांतल्या अनुवादित रहस्यकथा, उशाला घेता येतील एवढ्या जाड. भरदुपारी अंधार पडतो, गोठलेल्या तळ्यात कुणीतरी सापडतं, आणि बायकोने सोडलेला, पोटाच्या दुखण्याने बेजार झालेला एक इन्स्पेक्टर जेवणाचं ताट तसंच टाकून निघतो. मावशीला स्वतःला झुरळ मारवत नाही, पण हे सगळं बाई पंखा फुल करून, पाय खुर्चीवर घेऊन मिटक्या मारत वाचते.

"काय मिळतं तुला त्या मुडद्यांत?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मुडद्यांत काय मिळणार? तो शोधतो ना, ते वाचायचं असतं मला. हरवलेला दारुडा असो, कुणाला नको झालेली पोर असो, तो शोधतोच."

माझा मामा तरुणपणी भांडून घरातून निघून गेला, तेव्हा आजोबांनी "गेला तर जाऊ दे" म्हणून दार लावून घेतलं होतं. कुणीही शोधायला गेलं नाही. मावशी तेव्हा लहान, तिला कोण विचारतो? हे मला माहीत होतं, म्हणून तो विषय मी पुन्हा काढला नाही.

मावशी वाचनालयात काउंटरवर असते. तिथल्या जुन्या वाचकांची एक खोड आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेऊ नये म्हणून प्रत्येक जण आतल्या एखाद्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करून ठेवतो. कुणाचं टिंब, कुणाची चांदणी. नियमाप्रमाणे मावशीने त्या खोडायच्या, पण ती कानाडोळा करते. उलट कुठली खूण कुणाची, हे ओळखण्यात तिला भारी मजा वाटते.

अशाच एका बाईंची खूण म्हणजे तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात छोटासा त्रिकोण, त्यात आडवी रेघ. त्या फक्त हीच थंड देशांतली पुस्तकं न्यायच्या, म्हणून मावशीने त्यांचं नाव बर्फवाली ठेवलं होतं. बोलायच्या कमी. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालायच्या. मग एकाएकी यायच्या बंद झाल्या.

थोड्या दिवसांनी त्यांचा नवरा पुस्तकं परत करायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. पुस्तकांना त्याने नवी कव्हरं घातली होती. "ती घरातून निघून गेली हो," असं म्हणाला आणि रुमालात तोंड लपवून रडला. पोलिसांत तक्रार दिली होती म्हणे. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येऊ लागला. बायको बसायची त्याच खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसायचा. ती कुणाशी बोलायची, कुणाबरोबर यायची, हे गोड बोलून काढून घ्यायचा. मी मावशीला आणायला जायचे तेव्हा मलाही अदबीने नमस्कार करायचा. मला त्या माणसाची भीती वाटायची.

"मावशी, तुझ्या पुस्तकांत नेहमी असलाच माणूस खुनी निघतो."

"पुस्तकांत! इथे तो बिचारा बायकोसाठी झुरतोय, दिसत नाही तुला?"

दूधवाल्यापासून माझ्या सासऱ्यांपर्यंत प्रत्येकावर संशय घेणारी ही बाई, नेमकी इथे विरघळली. शोधणारा माणूस दिसला की तिची अक्कल गहाण पडते.

वाचनालयाच्या शाखांमध्ये पुस्तकांची अदलाबदल चालते. नदीपलीकडच्या शाखेतून एकदा खोकं आलं. त्यात एक कोरीकरकरीत रहस्यकथा होती, बर्फवाली गेल्यानंतर विकत घेतलेली. मावशीने सवयीने तिसरं प्रकरण उघडलं. कोपऱ्यात त्रिकोण, त्यात आडवी रेघ.

ती काउंटरमागे अक्षरशः नाचली. बाई जिवंत आहे, धडधाकट आहे, वाचते आहे! संध्याकाळी नवरा आला, तेव्हा मी तिथेच होते. मी डोळ्यांनी खुणावलं, हात दाबला. पण ती कसली ऐकतेय? सगळं सांगून टाकलं.

"कुठली शाखा?" त्याने विचारलं. तिने सांगितली.

त्याने रुमालाची घडी नीट खिशात ठेवली. "उपकार झाले. उघडते कधी ती?"

तो गेला आणि मावशीने ते त्रिकोणाचं पान मिटलं.

"अगं, बरी आहे का, असं विचारलंच नाही त्याने."

दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडची शाखा उघडायच्या आधीच तिथे पोचलो. बर्फवाली पायरीवर पुस्तक उघडून बसली होती. बाह्या आता आखूड होत्या. दंडावर जुन्या भाजल्याचे डाग होते, एकसारखे, गोल. मावशीने ते पाहिले आणि तिला हुंदका फुटला. रडत रडतच तिने सगळं कबूल केलं. बर्फवालीने शांतपणे ऐकून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"मी कुठे राहते, ते सांगितलंत?"

"मला ठाऊकच नाही हो."

"मग वेळ आहे थोडा." ती उठली. "खोली सोडावी लागेल. काम नुकतंच लागलं होतं."

"आमच्याकडे चला. नाहीतर पोलिसांत जाऊ, मी येते बरोबर."

"दोनदा गेले होते. दोन्ही वेळा समजूत घालून त्यांनी मला घरी आणून सोडलं."

"निदान पोचल्यावर कळवा. जीव टांगणीला लागेल माझा."

बर्फवालीने अर्धवट वाचलेलं पुस्तक मावशीच्या हातात दिलं. "मॅडम, तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, कळतंय मला. आता एकच करा. मला शोधू नका."

ती मागच्या गल्लीतून भराभर निघून गेली. शिपाई दार उघडत होता, तोच समोरून इस्त्रीचा शर्ट आला.

"अरे वा, तुम्हीही?"

"माझी चूक झाली," मावशी म्हणाली. आयुष्यात तिला धड खोटं बोलता आलेलं नाही. "ती खूण दुसऱ्याच कुणाची होती. तुम्ही जा घरी."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या पुस्तकाकडे. आत जाऊन दारासमोरची खुर्ची ओढली आणि तो आरामात बसला.

"असू दे हो. ही नाही तर दुसरी शाखा," तो हसून म्हणाला. "वाचल्याशिवाय राहवत नाही तिला."