पांढऱ्या फुलाची रिंगणी

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना रानातली झाडं ओळखायचा नाद लागला. पांढुर्ण्याहून कुठंही निघालो अन् बांधावर काही वेगळं दिसलं की गाडी थांबलीच. मी उन्हात ताटकळत राहायची.

एकदा जमिनीलगत पसरलेलं काटेरी झाड पाहून मी म्हटलं, "पिवळा धोतराच आहे ना हा?"

"पान तोडून पाहा. धोतऱ्याचा पिवळा चीक निघते. हिचा निघत नाही. ही भुईरिंगणी, आपल्या इथलीच. वांग्याच्या कुळातली."

त्यांनी जांभळं फूल बोटानं उचलून दाखवलं. अगदी वांग्याचंच. खाली गोटीएवढी हिरवी फळं, पांढऱ्या पट्ट्यांची. पिकली की पिवळी होतात म्हणे.

"पांढऱ्या फुलाचीही असते, पण लय कमी. मी अजून पाहिली नाही," ते म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात सावरगावच्या पुढून परत येताना ह्यांनी एकदम ब्रेक मारला. मुरमाड पडीत जागेत एक रिंगणी होती. दिवस बुडून गेला होता. फूल मला पांढरं वाटलं, पण त्या उजेडात फिकं जांभळंही तसंच दिसलं असतं.

"फोटो काढा ना."

"अंधारात काय येते? सकाळी येऊ, नीट पाहू."

सकाळी सौंसरहून फोन आला. माझ्या नणंदेचे यजमान पडले होते, पाय मोडला. आम्ही तसेच निघालो आणि आठवडाभर तिकडंच राहिलो. परतल्यावर सावरगावकडं गेलो, तर तिथं जेसीबीनं मुरूम उपसून नेला होता. हे त्या खड्ड्याच्या कडेकडेनं बराच वेळ फिरले. बियांतून एखादं रोप आलं असेल म्हणून पावसाळ्यानंतरही जाऊन आले. काही नव्हतं.

आता गाडी कुठं थांबत नाही. परवा लोधीखेड्याजवळ मलाच रस्त्याकडेला रिंगणी दिसली.

"थांबा ना, फुलं आहेत तिला!"

"जांभळीच असतील," ते म्हणाले. "उशीर होऊन राहिला."

मी मागं वळून पाहिलं. पण गाडी वेगात होती, रंग काही कळला नाही.