कोऱ्या कागदावरचं पहिलं नाव

टोर्नेडोने घर नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अल्विना वोथने कपडे धुतले आणि वाळत घातले. घर राहिलं नव्हतं, पण अंगणातले दोन लोखंडी खांब जागच्या जागी होते आणि तळघरात पिंपभर पाणी होतं. रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून बघत राहिले. चहूकडे सगळं आडवं झालेलं, झाडांच्या साली सोलून निघालेल्या, आणि मधोमध पाच टॉवेल, दोन चादरी आणि एक फुलाफुलांचा एप्रन वाऱ्यावर हलत होता.

शेजारचा हार्लन उनरू, काल दुपारपर्यंत जिथे कुंपण होतं तिथे येऊन उभा राहिला. "अल्विना, धुणं आजच काढायचं होतं का?"

"सोमवारी पाऊस होता," ती म्हणाली. "मंगळवारी काय झालं ते तू पाहिलंसच. मग कधी धुऊ?"

अल्विना एकाहत्तर वर्षांची. नॉयफेल्ड गावापासून चार मैलांवर जन्मली, विसाव्या वर्षी मेनो वोथशी लग्न करून या शेतावर आली आणि तेव्हापासून गव्हाच्या एकाही कापणीला गैरहजर राहिली नाही. मुलाच्या वेळचं पोट घेऊनही तिने गव्हाचा ट्रक गोदामावर नेला होता. कळा सुरू झाल्या तेव्हा पुढे तीन गाड्या होत्या. रांग सोडली नाही, गहू उतरवला आणि मग दवाखान्यात गेली. सहा वर्षांपूर्वी मेनो वारला. तिने बरीचशी जमीन हार्लनला कसायला दिली, पण घरासमोरचा ऐंशी एकरांचा तुकडा स्वतःकडे ठेवला. पेरणी स्वतः करायची, कापायला तेवढं हार्लनचं हार्वेस्टर यायचं.

त्या मंगळवारी दोन तासांत सहा टोर्नेडो उतरले. चौथा नॉयफेल्डवरून गेला. अल्विना तळघरात लोणच्यांच्या आणि मुरंब्यांच्या बरण्यांमध्ये बसली होती. कानांत दडे बसले, वरून मालगाडी जातेय असा आवाज आला, आणि तो थांबल्यावर तिने वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या जागी आभाळ होतं. बरणी एकही फुटली नव्हती. गावात दोघांची हाडं मोडली, अकरा घरं आणि चर्चचं छप्पर गेलं. पूर्वेकडच्या गावात चार माणसं गेली. त्यामुळे नॉयफेल्डमध्ये आपल्या नुकसानीबद्दल तोंड उघडायची कुणालाच लाज वाटत होती.

गहू मात्र उभा होता. ओंब्या चिकात आलेल्या, हिरव्यागार. पण त्या वादळाने हार्लनचं कोठार उचलून, त्याचा चुरा करून तिच्या गव्हात पेरला होता. पत्रे, खिळे, तारा, फळ्या, खिडक्यांच्या काचा. असं शेत कापता येत नाही. पत्र्याचा एक तुकडा हार्वेस्टरच्या पात्यात गेला की यंत्र बसतं, आणि गव्हात काच सापडली तर गोदामवाले अख्खी गाडी परत पाठवतात.

गुरुवारी पीकविम्याचा माणूस आला. पोरगाच होता, नवे बूट घातलेला. बांधावरून शेत बघून म्हणाला, "मिसेस वोथ, मी हे सगळं गेलं असं लिहितो. तुम्ही नांगर फिरवून टाका."

"गेलं कुठे? समोर उभं आहे."

"कापता येणार नाही हो. कोण वेचणार एवढं?"

"तुझ्या कागदावर 'उभं आहे' असा रकाना नाही का?"

तो रकाना नव्हता. तिने सही केली नाही.

संध्याकाळी विचिटा शहरातून मुलगा ड्वेन आला. त्याने घराची जागा पाहिली, आईने उसना आणून उभा केलेला फिरत्या घराचा डबा पाहिला आणि म्हणाला, "आई, आता बस झालं. आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे."

"माझ्याकडेही खालचीच खोली राहिली आहे."

"मी थट्टा करत नाहीये. घर नाही, पीक नाही. तू इथे राहणार कशासाठी?"

अल्विनाने शेताकडे पाहिलं. "घराचं जाऊ दे. पीक आहे. हा गहू कापला गेला तर मी इथेच राहीन, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही कापला गेला तर येते तुझ्या खालच्या खोलीत. मग तिथे मीही कुरकुर करणार नाही."

ड्वेनने मनातल्या मनात दिवस मोजले. कापणीला तीन आठवडे. ऐंशी एकर आणि एकाहत्तर वर्षांची एक बाई. "ठरलं," तो म्हणाला, आणि त्या बोलण्यात त्याला जरा सुटल्यासारखं वाटलं हे आईला दिसलं. त्याचा तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून बादली घेऊन गव्हात शिरू लागली. पेरणीच्या ओळींमधून, काड मोडणार नाही असं पाय ठेवत. दहाला परत येऊन सारण भरलेले पाव डब्यातल्या छोट्या भट्टीत टाकायची आणि ते घेऊन हार्लनकडे फळ्या रचायला जायची. दुपारी आणखी कुणाकडे. संध्याकाळी पुन्हा बादली. आठवडाभरात जेमतेम पाच एकर झालं.

बाकीच्यांचंही तेच चाललं होतं. शाळेच्या व्यायामशाळेत मदतीचं केंद्र होतं आणि तिथे लोरीन श्मिट बसायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, अल्विनाची बालमैत्रीण. तिच्या टेबलावर दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं, 'मदत करू शकतो', दुसऱ्यावर 'मदत हवी आहे'. पहिला कागद भरून त्याला आणखी चार जोडावे लागले. ज्यांच्या घराला छप्पर नव्हतं त्यांचीही नावं त्यात होती. एकाने हात गळ्यात बांधलेला असताना डाव्या हाताने नाव लिहिलं होतं. दुसरा कागद कोरा.

"दोन बस आल्या होत्या आज, शेजारच्या जिल्ह्यातून," शनिवारी लोरीनने अल्विनाला सांगितलं. ती चिडून लाल झाली होती. "नव्वद माणसं, हातमोजे घालून. दोन तास बसली, कॉफी प्यायली, ॲपल पायचे सोळा तुकडे खाल्ले आणि परत गेली. त्यांचा म्होरक्या मला म्हणतो, तुमच्या गावाचं फारसं बिघडलेलं दिसत नाही."

"तू सांगायचं होतंस त्यांना."

"काय सांगू? कागद दाखव म्हणाले. मी कुणाला विचारायला गेले की म्हणतात, आमचं काय एवढं, फलाण्याकडे पाठव. फलाणा म्हणतो, तमक्याकडे पाठव. हार्लनकडे गेले तर म्हणाला, अल्विनाकडे पाठव."

"मला काय धाड भरलीय?"

"बघ," लोरीन म्हणाली. "आता तू सांग, कुणाकडे पाठवू?"

अल्विनाने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. ती हार्लनचं नाव घेणार होती.

घरी जाताना तिने बांधावर गाडी थांबवली. हिरवा रंग उतरून कडेच्या ओंब्यांवर पिवळी छटा चढली होती. तिने एक ओंबी चोळून दाणा दाताखाली धरला. अजून मऊ, पण चीक राहिला नव्हता. फार तर बारा दिवस. पाऊण मैल लांबीच्या त्या शेतात उन्हात चमकणारे पत्रे ती मोजू लागली आणि चाळिसावर सोडून दिलं. मेनो असता तर काय म्हणाला असता ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणाला असता, लोकांना त्रास नको. तो मरायला टेकला होता तेव्हाही डॉक्टरांना म्हणाला होता की आधी पलीकडच्या खाटेवरच्यांना बघा.

"मेनो, तुझं ऐकलं तर मी विचिटाला जाते," ती गाडीत मोठ्याने म्हणाली, आणि गाडी वळवली.

व्यायामशाळेत तेव्हा चाळीसेक माणसं होती. सगळी मदत करायला आलेली. अल्विना सरळ टेबलाशी गेली, कोरा कागद पुढे ओढला आणि पेन मागितलं. शेजारची माणसं वाकून बघू लागली. नाव लिहायला तिला वेळ लागला. आयुष्यात धनादेशांवर, शाळेच्या फॉर्मवर, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिने झटक्यात सही केली होती; आता ती एकेक अक्षर मोठं काढत गेली. अल्विना वोथ. ऐंशी एकर. पत्रे, खिळे, काच. बारा दिवस.

"वाचता येतंय ना सगळ्यांना?" मागे वळून तिने विचारलं. "मला एकटीला जमत नाहीये. जमेल असं वाटलं होतं, पण ती माझी मिजास होती. तुमचीही मिजासच आहे. हार्लन, तुझी गुरं उघड्यावर आहेत आणि तू माझ्या अंगणातल्या फळ्या रचतोस. मी तुझ्या रचते. आपण दोघं म्हातारे नुसते एकमेकांच्या फळ्या इकडून तिकडे हलवतोय."

कुणीतरी हसलं. हार्लनची मान खाली गेली होती. तो म्हणाला, "ते कोठार माझं आहे तुझ्या शेतात. मी वेचायला हवं."

"मग वेचशील. पण आधी इथे नाव लिही."

"माझं एवढं काही..."

"हार्लन."

त्याने पेन घेतलं. त्याच्यानंतर गळ्यात हात बांधलेला माणूस उठला, डाव्या हाताने लिहायला. अंधार पडण्याआधी कागदावर सव्वीस नावं झाली, आणि लोरीनने फोन करून दोन्ही बस परत बोलावल्या. म्होरक्याला तिने काय सुनावलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण सोमवारी तो स्वतः चौदा ॲपल पाय घेऊन आला.

शेतं पिकण्याच्या क्रमाने घेतली. अल्विनाचं पाचवं लागलं. माणसं हातभर अंतरावर रांगेत उभी राहायची आणि पेरणीच्या ओळी धरून चालायची. नजर खाली, हातात बादली, मोठं काही दिसलं की तिथे लाल चिंधी बांधलेली काठी रोवायची. अल्विना रांगेच्या टोकाला. कुणी पाय आडवा टाकला की तिथून ओरडायची, "ते गवत नाही, पाव आहे पुढच्या वर्षीचा." एकशेदहा माणसांना दीड दिवस लागला. सतरा ट्रॉल्या भरल्या. तिच्या स्वयंपाकघराचा दरवाजा निघाला, मुठीसकट. हार्लनच्या बायकोचा चष्मा निघाला, एक काच शाबूत. आग्नेयेच्या कोपऱ्यातले सात एकर मात्र सोडावे लागले. तिथे काच इतकी बारीक झाली होती की मातीपासून वेगळी होईना. अल्विना तिथे गुडघ्यांवर बसली, चिमूटभर माती बोटांनी चाळली आणि उठून म्हणाली, "हे नांगरा." मग बादली उचलून ती रांगेच्या टोकाला गेली.

कापणीच्या दिवशी ड्वेन आला. हार्वेस्टर हार्लन चालवत होता. पहिल्या फेरीला ड्वेन यंत्राच्या पुढे चालला, काठीने ओंब्या बाजूला करत, जमीन बघत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या फेरीलाही चालला. चौथ्या फेरीला त्याने हात वर करून यंत्र थांबवलं आणि वाकून एक बिजागरी उचलली, तळहाताएवढी. ती त्याने खिशात टाकली आणि हाताने खूण केली, चल.

अल्विना ट्रकमध्ये बसून वाट बघत होती. ट्रकमध्ये दाणा पडायला लागला तसा तिने खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढून मूठभर गहू घेतला, चावला, आणि गाडी पुढे घेतली. गोदामावर चाचणी झाली. काच नाही, ओल बरोबर. त्र्याहत्तर एकर.

शेवटची गाडी रिकामी करून ती परतली तेव्हा ड्वेन काडाच्या कडेला बसून बुटांतली माती झाडत होता. त्याचे खांदे उन्हाने भाजले होते.

"सात एकर राहिले," तो म्हणाला. "मी सगळं कापायचं म्हणालो असतो तर?"

"तू तेव्हा नीट बोलून घ्यायचं होतंस."

तो हसला. मग दुसरा बूट झटकत म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी पुन्हा टोर्नेडो आला तर?"

"तर पुन्हा कागद लागेल. त्या वेळी पेन मी घरून नेईन." तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. "सप्टेंबरात पेरणी आहे. हे बूट चालायचे नाहीत. दुसरे घेऊन ये, आणि शनिवारी आलास तर मुक्कामाच्या तयारीने ये. त्या सात एकरांतली माती वरची चार बोटं काढून बघायची आहे मला."