लेकीच्या बारशाला विलायती बँड

आई, मुंबईच्या विमानतळावर पोलिसानं तुला दारातच अडवलं आणि मी चौथ्या महिन्याचं पोट घेऊन एकटीच आत गेले, तेव्हा तू मागनं ओरडत होतीस, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं गं!" आणि मी नुसती मान हलवत होते, रडले तर विमानात बसू देणार नाहीत असं वाटत होतं मला.

हे आधीच आले होते. इथं अमेरिकेत, चँडलर गावात यांची चिप बनवायच्या कंपनीत नोकरी, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात, आणि मी आठवी शिकलेली, दार वाजलं तरी श्वास धरून बसायचे. बाहेर ऊन असं की बार्शीचं ऊन सावली वाटावं. आणि रोज दुपारी वरनं धडधड धडधड, वाटायचं छत खाली येतंय.

एक दिवस पोट सावरत जिना चढले. म्हणायचं होतं आवाज कमी करा, तोंडातून निघालं नुसतं हॅलो. दार उघडलं डोनानं. साठीची बाई, पायात लोकरीचे मोजे, घरात एकटीच नाचत होती! मला बसवलं, लिंबाचं सरबत दिलं आणि फोटो दाखवला. इंग्लंडचा बँड, द वेट स्टेअर्स, म्हणजे ओल्या पायऱ्या. चौघं जण. गिटार रॉकवाल्यांसारखी करकरते, पण खाली मशीनचा ढोल, त्यामुळं पाय गप्प बसत नाहीत, आणि वर ती गाणारी बाई हळू, उदास, भांडी घासताना स्वतःशीच गुणगुणावं तशी. नाचावंसं पण वाटतं आणि डोळे पण भरतात, असलं मी आधी ऐकलंच नव्हतं. आवाज कमी करा म्हणायचं राहूनच गेलं. मग रोज जायला लागले. लेक पोटात त्या ठेक्यावर लाथा मारायची.

लेक झाली, पण तुझा व्हिसा झाला नाही. तू म्हणालीस, "निदान पाळणा म्हण, त्याशिवाय नाव ठेवायचं नाही."

बारशाला डोना आली आणि इथल्या मराठी मंडळातल्या पाच काकू आल्या, सगळ्या शिकलेल्या, आपापली गाडी ड्राइव्ह करत. पाळणा कुणालाच पाठ नाही. एक म्हणाली, "अय्या, मला फक्त जो जो रे येतं." दुसरीनं फोनवर लावला तर आधी इन्शुरन्सची जाहिरात. तू व्हिडिओवर होतीस, पण चित्र अडकलेलं, तोंड उघडं नि आवाज नाही. पाळणा मला पाठ होता गं, पण चारचौघींत तोंडच उघडेना. लेक रडून लालबुंद. आता नाव न ठेवताच सगळ्या उठणार असं वाटलं.

डोनाला काय कळलं कोण जाणे, तिनं फोनवर बँड लावला. धडधड सुरू. नागपूरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, बारसं आहे का डीजे?" आणि लेक एकदम गप्प, डोळे मोठे करून ऐकतेय. जन्माआधीपासून ओळखीचं होतं ना तिला. डोना माझ्याजवळ आली, मला समजावं म्हणून सावकाश बोलते ती, म्हणाली ही गाणारी बाई पण सुरवातीला फार घाबरायची, लोकांकडं पाठ करून गायची.

मी भिंतीकडं तोंड केलं आणि त्या ठेक्यावर तुझा पाळणा म्हटला, सगळी कडवी. मागनं काकूंच्या टाळ्या पडायला लागल्या. नणंद इथं नाही, म्हणून आत्या झाली डोना. तिनं कानात सांगितलं, मीरा.

जेवताना नागपूरच्या काकूंनी विचारलं, "तुझं घर कुठं गं?" मी पोळी वाढता वाढता म्हटलं, "हे काय, डोनाच्या खाली." आजवर बार्शीच म्हणायचे. म्हटलं आणि माझ्या फोनकडं बघितलं, तर तो चालूच होता आणि चित्र हलत होतं. तू चष्मा काढून पुसत होतीस. हसत होतीस का, ते मला नीट दिसलं नाही. सांग ना, आई.