लॉनच्या आड आलेला वेल

मित्रहो, मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या एका माणसावर मला खटला भरायचा आहे. चहा निवायच्या आत त्यानं परसात हिरवंगार लॉन केलं. त्याचं बघून मीही लॉन करायला घेतलं, तर इथं चामोर्शीत माझी अख्खी सकाळ वालाचा एक वाळका वेल उपटण्यातच गेली.

तो माझ्या बायकोनं, सुनंदानं, पावसाळ्यात लावला होता. शेंगा धरायच्या आधीच ती गेली.

"भाऊ, काऊन उपटून राह्यले?" कुंपणापलीकडून शेजारच्या कौसाबाई ओरडल्या. "तुमच्या लॉनले शेंगा लागतीन का? बी तं काढून घ्या! माह्याकडूनच नेलं होतं तिनं."

आमच्या गल्लीत बी उसनं नेतात आणि पीक आलं की परत करतात. सुनंदाचं तेवढं राहून गेलं होतं.

मी खाली बसून शेंगा सोलल्या. ओंजळभर बी कुंपणावरून कौसाबाईंच्या पदरात घातलं.

"सुनंदाकडून," म्हणालो.