फोरमनचे शांत पंखे

बर्फाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढून फोरमन घरी बसला, तेव्हा त्याच्या हातांना दहाच्या दहा बोटं होती आणि कानांत मात्र काहीच उरलं नव्हतं. बोटांचा त्याला अभिमान होता, कारण त्या कारखान्यात ती सगळ्यांची शाबूत राहत नसत. कानांचं त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. कॉम्प्रेसरच्या धडधडीत माणसांचं बोलणं तसंही ओठांवरूनच वाचावं लागे.

त्याची बायको इस्पितळात नर्स होती आणि बहुतेक वेळा तिला रात्रपाळीच असे. कारखान्याने राहायला दिलेली खोली कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून होती. सकाळी ती घरी येऊन आडवी व्हायची आणि भिंत थरथरत राहायची. फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणायचे.

"अहो, आवाज येतो. डोळ्याला डोळा लागत नाही," ती म्हणायची.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली रिकामी होती, पण तिथून कामावर पोचायला सात मिनिटं लागली असती. "कसला आवाज? मला नाही येत," फोरमन म्हणायचा आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागायचा. असं एकोणीस वर्षं चाललं. मग एकदा वॉर्डात बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, एका पेशंटचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं, आणि तिला घरी पाठवलं ते कायमचंच.

"बरं झालं," फोरमन म्हणाला, "आता दिवसा झोपायची गरजच नाही."

ती चहा ठेवायला उठली. फोरमनला वाटलं, पटलं तिला.

निवृत्तीनंतर दोघं शहरात दोन खोल्यांच्या घरात आले. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली होती. कानातलं यंत्र लावलं तरी फोरमनला तिचं फोनवरचं बोलणं म्हणजे नुसता खळखळाट वाटे. एकदा तिनेच लिहून पाठवलं, की बोललेलं अक्षरांत उमटवणारा प्रोग्रॅम मिळतो, फक्त कॉम्प्युटर जरा दमदार हवा. "तयारच घ्या बाबा," असंही तिने लिहिलं होतं.

"तयार घ्यायला मी काय कारकून आहे?" फोरमन बायकोला म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सुटे भाग जमवायला लागला.

बाकीचे भाग त्याने दुकानदाराने सांगितले ते मुकाट्याने घेतले. गारव्याच्या बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकेना. उष्णता म्हणजे काय आणि ती बाहेर कशी काढायची, यात त्याची हयात गेली होती. प्रोसेसरबरोबर आलेला चिमुकला पंखा त्याने खोक्यातच ठेवला आणि पत्र्यांच्या चळतीसारखा उंच कूलर आणला. आणल्यावर कळलं, की तो लावला तर कॅबिनेटचं झाकण लागत नाही, बोटभर वर राहतं. मग पट्टीने मापं घेऊन दुसरा आणला. पुढून हवा आत ओढायला दोन मोठे पंखे, मागून बाहेर फेकायला एक. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढीच हवा हलवतो आणि आवाज करत नाही, हे तो बायकोला समजावून सांगे. ती भाजी निवडत मान डोलवी.

कॉम्प्युटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. फोरमनने कागदाची पट्टी मागच्या जाळीपाशी धरली, ती फडफडली. त्याला शाळकरी पोरासारखा आनंद झाला. त्याने बायकोला हाक मारली.

"ऐक. येतो का आवाज?"

तिने कान जवळ नेला. बराच वेळ ऐकलं. "येतो," ती म्हणाली. "घरघर येते."

फोरमनचा चेहरा उतरला. त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं, म्हणून तर यंत्र गोंगाट करणारं नको होतं. बहिऱ्याच्या घरात काहीही वाजतं, असं लोकांनी म्हणायला नको. त्याने पुढचे दोन्ही पंखे बदलले.

"आता?"

"घरघर गेली. शिट्टीसारखं काहीतरी वाजतं."

मागचा बदलला. स्क्रू काढून त्या जागी रबराच्या पिना घातल्या, म्हणजे पत्र्याला कंप पोचू नये. तळाखाली फोमचे तुकडे ठेवले.

"हुंऽ हुंऽ असं येतं," ती म्हणाली. "डोकं उठतं हो माझं."

साडेतीन महिने हेच. दुकानदाराने शेवटी हात टेकले. त्याने पंखा कानाला लावला आणि मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: काका, यापेक्षा शांत पंखा कुणी बनवतच नाही. फोरमनने ते वाचलं आणि मनात म्हणाला, हा लबाड आहे, जुना माल माझ्या गळ्यात मारतोय. बायकोवर संशय घ्यायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

मग त्याने पंख्यांचा वेग कमी केला. अजून कमी केला. एका रविवारी मुलगी काहीतरी सांगत होती, अक्षरं भराभर उमटत होती, 'बाबा, डॉक्टर म्हणाले की' इथपर्यंत आलं आणि पडदा काळा झाला. प्रोसेसर तापून यंत्र आपोआप बंद पडलं होतं. डॉक्टर काय म्हणाले हे त्याला बायकोकडून दुसऱ्या दिवशी कळलं. तो आजोबा होणार होता.

पुढच्या मंगळवारी दुपारी बायकोची जुनी मैत्रीण आली, तिच्याच वॉर्डातली. फोरमन यंत्रापुढे पाठमोरा बसून धुळीची जाळी ब्रशने साफ करत होता. अक्षरं उमटवणारा प्रोग्रॅम चालूच राहिला होता. पडद्यावर आपोआप ओळी सरकायला लागल्या.

'साखर कमी घाल.'

'अजून पंखेच बदलतात का गं ते.'

'हो. परवा सातवा आणला.'

'पण मला तर काहीच ऐकू येत नाही.'

'मला तरी कुठे येतं. आपला फ्रिज जास्त बोलतो.'

'मग.'

'मी आपली म्हणते येतो. एकोणीस वर्षं मला येत होता तेव्हा त्यांना येत नव्हता.'

त्यानंतर पडद्यावर काही उमटलं नाही. हसणं त्या यंत्राला लिहिता येत नव्हतं. पण पडद्याच्या काळ्या भागात फोरमनला दोघींचे खांदे हलताना दिसले.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तो जागचा हलला नाही. मैत्रीण गेल्यावर त्याने नेहमीच्याच सुरात विचारलं, "आवाज येतो का?"

"येतो ना," बायको म्हणाली, आणि पडद्यावरही तेच दोन शब्द उमटले.

दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडे गेला. मोठ्या कचेऱ्यांतल्या मोडीत काढलेल्या यंत्रांमध्ये मुठीएवढे, जाडजूड पंखे असतात. ते कुणी घरात लावत नाही, कारण ते किंचाळतात. असे चार त्याने आणले आणि सरळ यंत्राच्या पॉवर सप्लायला जोडले, म्हणजे वेग कमी व्हायचा प्रश्नच नाही. बटण दाबलं. टेबल थरथरलं. शेजारच्या बाईने खिडकी आपटून लावली, ते त्याने पाहिलं.

"आवाज येतो का?"

बायको दारात उभी होती. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

"नाही," ती म्हणाली. "आता अजिबात येत नाही. छान झालं."

पंखे सकाळी सात ते संध्याकाळी सात चालायला लागले. ती कानांत कापूस घालून स्वयंपाक करे, पण चकार शब्द काढत नसे. तो रोज विचारे. ती रोज 'नाही' म्हणे. दोघंही वजनाने उतरली.

एक गोष्ट मात्र फोरमनने हिशेबात धरली नव्हती. त्या किंकाळीत माइकला काही समजेना. मुलगी बोलायची आणि पडद्यावर 'आंबा जिना पाणी दोन दोन' असलं काहीतरी यायचं. दोन रविवार त्याने डोळे फाडून अर्थ लावला. तिसऱ्या रविवारी तो यंत्रापुढे बसलाच नाही. पंखे काढायचे म्हणजे हार मानायची. मुलगी मग आईच्याच फोनवर बोलायला लागली.

"काय म्हणाली?" फोरमन विचारायचा.

"बरी आहे."

"माझ्यासाठी काही?"

"काही नाही."

दहा महिने त्याला मुलीचं एवढंच कळत राहिलं. बाळ झाल्याचंही बायकोने जेवताना सांगितलं, मीठ पुढे सरकवता सरकवता. "मुलगा. नाव अजून ठेवलं नाही." नंतरही तो विचारी, नाव ठेवलं का? "नाही," ती म्हणे.

एका रविवारी सकाळी ती बाजारात गेल्यावर फोरमनने झाकण उघडलं. चारही पंखे काढले आणि खोक्यातले शांत पंखे बसवले. घाईत एक रबरी पिन तुटलीच. मग त्याने मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिचा चेहरा आला, सुजलेला, जागरणाचा. ओठ हलले. अक्षरं स्वच्छ उमटली.

'बाबा? तुम्ही? आई म्हणाली तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही.'

फोरमन पडद्याच्या जवळ सरकला. "मी असं कधी म्हटलं?" तो म्हणाला. बहिऱ्याचा आवाज, फार मोठा आला असावा, कारण मुलगी दचकली.

'मी फोटो पाठवत होते. आई म्हणायची, दाखवले, काही बोलले नाहीत. त्याचं नाव तुमच्या वडिलांचं ठेवलंय. तीन महिने झाले.'

त्याने मागे वळून पाहिलं. बायको परतली होती. पिशवी हातातच होती. पडदा तिला तिथून दिसत होता, आणि तिला वाचताही येत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

तिने पिशवी खाली ठेवली. "सांगत होते की," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नसेल."

आता मुलगी दर रविवारी थेट त्याच्याशी बोलते. बाळ पडद्यावर येतं, पण त्याच्या बोबड्या आवाजाची अक्षरं होत नाहीत, तिथे नुसती रिकामी ओळ सरकते. त्या वेळी बायको उठून गॅलरीत जाते आणि बोलणं संपेपर्यंत रस्त्याकडे बघत उभी राहते. स्वयंपाक ती करते, भांडी तो घासतो. पंख्यांबद्दल आता कुणी काही विचारत नाही.